पहिल्या मोफत तासावरून योग-पिलाटेसची पारख करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की वेताळ टेकडीच्या वाटांवर चिखल होतो, तळजईचा उतार निसरडा होतो, पानशेतच्या रस्त्यावर सायकल काढायला जीव धजावत नाही. एरवी पहाटे पाचला बूट चढवून बाहेर पडणारी हौशी खेळाडू मंडळी मग छपराखालचा व्यायाम शोधू लागतात. २१ जूनचा योग दिनही त्याच सुमारास येतो. सोसायट्यांच्या फाटकांवर आणि वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत योगवर्गांची, आणि अलीकडे पिलाटेस या हालचालींवरचा ताबा शिकवणाऱ्या व्यायामपद्धतीच्या स्टुडिओंचीही, ‘पहिला तास मोफत’ अशी आमंत्रणे दिसू लागतात. लोक हौसेने जातात. तासानंतर कुणी म्हणते, ‘घामसुद्धा आला नाही, हे आपल्यासाठी नाही.’ कुणी म्हणते, ‘दोन दिवस जिना उतरता आला नाही, म्हणजे व्यायाम जबरदस्त आहे.’ दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. पहिल्यामुळे उपयोगाची गोष्ट हातची जाते आणि दुसऱ्यामुळे नको तो क्लास गळ्यात पडतो. म्हणून हा पत्रप्रपंच.

अंग दुखणे हे नवखेपणाचे लक्षण आहे, फायद्याचे नव्हे. स्नायूला सवय नसलेले काम दिले, विशेषतः लांबत असताना वजन पेलायला लावले, की पुढच्या २४ ते ७२ तासांत ठणका चढतो. तेच काम चौथ्यांदा केले की फारसे दुखत नाही, म्हणून ते निरुपयोगी झाले असे कुणी म्हणत नाही. लवचिकतेचेही तसेच आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बोटे जमिनीच्या जवळ जाऊ लागतात ती स्नायू लांबल्यामुळे नाही. तोच ताण मेंदू आता जास्त सहन करू देतो, एवढेच झालेले असते. खरा फरक त्यानंतर येतो. त्यामुळे पारख करायची तर एकाच शिक्षकाकडे, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, म्हणजे निदान आठ तास द्यायला हवेत.

यासाठी पावसाळ्याइतका योग्य काळ पुण्यात दुसरा नाही. १९८३ पासूनच्या पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनची वेळ परंपरेने डिसेंबरचा पहिला रविवार. तिथून सोळा आठवडे मागे मोजले तर ऑगस्टचा मध्य येतो, आणि खरी तयारी तिथे सुरू होते. म्हणजे जून-जुलैचे आठ आठवडे प्रयोगाला मोकळे आहेत. नोव्हेंबरमध्ये पाय भरून आले म्हणून घाईघाईने नवा क्लास लावणे ही मात्र हमखास फसणारी गोष्ट. शर्यतीआधीच्या तीन आठवड्यांत शरीराला कोणतीही नवी हालचाल शिकवू नये.

क्लास लावण्याआधी आपल्यात नेमके काय कमी आहे ते बघावे. त्याला भिंत, पलंग, आरसा आणि एक मोजपट्टी पुरते, वेळ पाव तास. भिंतीकडे तोंड करून एक पाय पुढे ठेवा आणि टाच जमिनीला चिकटवून गुडघा भिंतीला लावा. मग अंगठा थोडा थोडा मागे घेत जा. गुडघा टेकतो आहे आणि टाचही उचलत नाही, असे सर्वांत लांबचे अंतर पट्टीने मोजा आणि कागदावर लिहा. १० सेंटीमीटरच्या आसपास असेल तर घोटा ठीक आहे. दोन्ही पायांत २ सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर तो कमी असलेला घोटा लक्षात ठेवा. पळताना त्या बाजूची पोटरी आणि तळवा जादा काम करत असण्याची शक्यता आहे. मग एका पायावर उभे राहून, भिंतीला दोन बोटांचा आधार घेऊन, गुडघा सरळ ठेवून टाच पूर्ण उंचीपर्यंत उचला आणि सावकाश टेकवा; असे किती वेळा जमते ते मोजा आणि लिहा. वीस वेळांच्या आत थकलात, किंवा डावा बावीस आणि उजवा बारा असा प्रकार झाला, तर ताणण्यापेक्षा पोटरीला ताकदीची गरज जास्त आहे. वय वाढते तसा हा आकडा खाली येतो, त्यामुळे साठीच्या माणसाने वीसच्या आकड्याच्या हट्टाला पेटू नये. दोन बाजूंमधला फरक मात्र कुठल्याही वयात बघावा.

आता आरसा. एका पायावर उभे राहून गुडघा सावकाश पाच वेळा वाकवा. गुडघा आत, अंगठ्याच्या दिशेने झुकतो का? दुसऱ्या बाजूचा खुबा खाली लोंबतो का? हजारो पावले टाकताना प्रत्येक पावलाला हेच होत असते. त्यानंतर पलंगाच्या कडेला बसा आणि मागे आडवे होऊन एक गुडघा छातीशी कवटाळा. दुसरी मांडी पलंगावर टेकली पाहिजे. ती अधांतरी राहिली तर खुब्याचा पुढचा भाग आखडलेला आहे. मांडी टेकली पण गुडघा आपोआप सरळ होऊ पाहतो, तर मांडीचा पुढचा स्नायू आखडलेला आहे. हिंजवडीत दहा तास खुर्चीत बसून वर सायकल चालवणाऱ्यांत हे फार दिसते. शेवटी पाठ भिंतीला टेकवून दोन्ही हात कानाशी न्या. हात वर जाताना कंबर भिंतीपासून सुटते आणि बरगड्या पुढे येतात का ते बघा.

उत्तरांचे दोन गट पडतात. काही ठिकाणी सांधा जातच नाही, आणि काही ठिकाणी जातो पण त्यावर ताबा नाही. पहिल्यासाठी संथ, आधार घेऊन केलेली आसने चांगली. दुसऱ्यासाठी पिलाटेस जास्त उपयोगी. आमचे स्पष्ट मत असे की पुण्यातल्या बहुतेक हौशी धावपटूंचे दुखणे दुसऱ्या गटातले असते आणि ते उपाय मात्र पहिल्याचा करत राहतात. खुब्याच्या बाहेरच्या स्नायूत जोर नाही म्हणून गुडघा दुखतो, आणि माणूस महिनोन्महिने पोटऱ्या ताणत बसतो. याउलट काहींचे सांधे जन्मतः सैल असतात: अंगठा दाबला की मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो, कोपर उलटे वाकते. अशांना पहिल्याच तासाला आसने सुरेख जमतात, शिक्षक कौतुक करतात, आणि ते आणखी ताणत जातात. त्यांनी ताणणे सोडून ताबा शिकावा.

दोन्ही पद्धतींची थोडी ओळख इथे आवश्यक आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये शिकवायला पुण्यात आले आणि इथलेच झाले. मॉडेल कॉलनीतली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था १९७५ पासूनची. पट्टा, लाकडी वीट, लोड, खुर्ची, भिंतीवरचे दोर ही साधने वापरून आखडलेल्या माणसालाही आसनाचा खरा आकार देण्याची पद्धत याच शहरात घडली. तरीही वीट हाताखाली घ्यायला खेळाडूंना कमीपणा वाटतो, हे पाहून वाईट वाटते. शेजारी लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू करून आसन-प्राणायामाचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास आरंभला. एवढे जवळ असताना योग म्हणजे फक्त वेगाने घातलेले सूर्यनमस्कार ही समजूत पुण्यात तरी नसावी.

पिलाटेसचे नाव जोसेफ पिलाटेस या जर्मनीत १८८३ मध्ये जन्मलेल्या गृहस्थांवरून आले. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटनमध्ये स्थानबद्ध होते, पुढे न्यूयॉर्कला गेले, आणि तिथे नर्तक त्यांच्याकडे दुखापतींतून सावरायला येऊ लागले. स्वतः ते आपल्या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हणत, म्हणजे ताब्याचे शास्त्र. हौशी खेळाडूला यातून घ्यायचे ते हेच. सन २००० मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने पिलाटेस हे नाव कुणा एकाच्या मालकीचे नाही असा निकाल दिला. तेव्हापासून पाटीवर हे नाव कुणीही लावू शकतो, त्यामुळे पाटी बघून काहीच कळत नाही.

आता एक आसन जवळून पाहू, कारण सर्वाधिक नुकसान याच भागात होते. धावणाऱ्याला वाटते की मांडीचा मागचा स्नायू आखडला आहे, आणि क्लासमध्ये त्याला पहिल्या दिवसापासून उत्तानासन (उभ्याने पुढे वाकणे), पश्चिमोत्तानासन (बसून पुढे वाकणे) मिळते. गुडघे ताठ, पाठ गोल, हात कसेबसे पायाच्या बोटांना. ओढ कुठे बसते? स्नायूच्या मधोमध नाही, तर बसताना जमिनीला टेकणाऱ्या हाडाशी, जिथे स्नायूचा कंडरा हाडाला चिकटतो तिथे. पुढे वाकल्यावर हा कंडरा त्या हाडावर दाबलाही जातो. आधीच आठवड्याला तीस-चाळीस किलोमीटर पळून तो थकलेला असतो. वर रोज हा दाब. काही आठवड्यांनी गाडी चालवताना, कडक खुर्चीवर बसताना नितंबाच्या खाली नेमक्या एका बिंदूत दुखू लागते. माणसाला वाटते अजून आखडले आहे, तो अजून ताणतो, आणि दुखणे महिनोन्महिने रेंगाळते.

त्याऐवजी सुप्त पादांगुष्ठासन पट्ट्याने करावे. उताणे झोपून एक पाय सरळ, त्याचा तळवा भिंतीला टेकलेला. दुसऱ्या पायाच्या तळव्याला मधोमध पट्टा किंवा सुती ओढणी अडकवून पाय वर घ्या. कोपरे सरळ, खांदे जमिनीवर, मान मोकळी. गुडघा अगदी किंचित सैल ठेवा. खालचा पाय भिंतीपासून सुटला किंवा माकडहाड जमिनीवरून उचलले तर पाय जास्त वर गेला आहे. तो खाली आणा, मग तो सत्तर अंशांवर असो की पन्नास. ओढ मांडीच्या मधल्या भागात जाणवली पाहिजे. बसायच्या हाडाशी किंवा गुडघ्याच्या मागच्या खोबणीत जाणवली तर गुडघा आणखी वाकवा. पोटरीत किंवा तळव्यात मुंग्या आल्या तर तो स्नायू नाही, नस (मज्जातंतू) आहे. तिथे जोर करायचा नाही. सहा सावकाश श्वास, साधारण तीस सेकंद, प्रत्येक बाजूला तीनदा. श्वास अडला किंवा दात आवळले गेले की हद्द ओलांडली असे समजावे. आणि बसायच्या हाडाशी आधीच दुखत असेल तर हेही काही आठवडे बंद ठेवून सेतुबंधासारखी (उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणे) ताकदीची आसने करावीत.

गुडघ्यांबद्दल एक इशारा. आखडलेल्या खुब्याने पद्मासन घातले की जी फिरकी खुब्यात व्हायला हवी ती गुडघ्यात होते, आणि तिथली गादी चिरडली जाते. सायकलपटू आणि धावपटूंनी पद्मासनाच्या वाटेला न गेलेलेच बरे. घडी केलेल्या घोंगडीवर उंच बसून साधी मांडी पुरते. वज्रासनात गुडघा भरून येत असेल तर पोटरी आणि मांडीच्या मध्ये चादरीची घडी ठेवावी.

वेगवान क्लासांत, ज्यांना पॉवर योग किंवा फ्लो म्हणतात, खांद्याची काळजी करावी लागते. चतुरंग दंडासनात (जोर काढल्यासारखे हात वाकवून शरीर जमिनीला समांतर धरणे) छाती खाली आणताना खांदा कोपराच्या पातळीखाली गेला की खांद्याच्या पुढच्या बाजूवर भार येतो. एकदा-दोनदा चालून जाते, पण तासाभरात ही हालचाल वीस-तीस वेळा होते आणि दमल्यावर प्रत्येक वेळी थोडी अधिक खाली जाते. बॅडमिंटनमध्ये रोज स्मॅश मारणाऱ्याचा किंवा टिळक तलावावर रोज लांब पल्ला पोहणाऱ्याचा खांदा आधीच कामाला जुंपलेला असतो. त्यांनी गुडघे टेकवून करावे, कोपराच्या पातळीला थांबावे, आणि दमल्यावर ती पायरी सरळ वगळावी. वगळू न देणारा शिक्षक सोडावा. मनगट दुखत असेल तर सगळा भार तळहाताच्या मुळाशी पडतो आहे. बोटे पसरून तर्जनीच्या मुळाने जमीन दाबली की तो वाटला जातो.

पिलाटेसमध्ये चुका वेगळ्या. मॅटवरचा पहिला व्यायाम बहुधा ‘हंड्रेड’ असतो: उताणे झोपून डोके आणि खांदे उचलायचे, पाय वर, हात अंगाशी सरळ ठेवून छोटे छोटे ठोके द्यायचे, पाच ठोक्यांना श्वास आत, पाचला बाहेर, अशी दहा आवर्तने, एकूण शंभर. दिसायला सोपे आहे. नवशिक्याची हनुवटी पुढे येते आणि दुसऱ्या आवर्तनातच मान भरते. पाय फार खाली सोडले तर कंबर जमिनीवरून कमानीसारखी सुटते, पोट आत जाण्याऐवजी घुमटासारखे फुगते, आणि काम पोटाऐवजी खुब्याच्या पुढचे स्नायू करू लागतात, जे सायकलवाल्याचे आधीच आखडलेले असतात. उपाय साधा आहे. डोक्यामागे टॉवेल धरून मानेचे वजन हातांवर घ्या, गुडघे नव्वद अंशांत वाकवून नडग्या जमिनीला समांतर ठेवा, किंवा पावले जमिनीवरच राहू द्या, आणि चाळीस-पन्नास ठोक्यांवर थांबा. श्वास सोडताना पुढच्या बरगड्या खाली उतरल्या पाहिजेत. ते साधले की मग आकडा वाढवावा.

आमची एक तक्रार आहे. पारंपरिक मॅट क्रमात पुढे वाकण्याचे व्यायाम बरेच आहेत. दिवसभर संगणकापुढे वाकलेल्या आणि सकाळी हँडलवर वाकलेल्या माणसाला त्यांची फारशी गरज नसते. त्याने शिक्षकाकडे पालथे झोपून छाती उचलण्याचा ‘स्वॅन’, हात-पाय आळीपाळीने उचलण्याचा ‘स्विमिंग’, एका कुशीवर झोपून पाय उचलण्याचे प्रकार आणि एका पायावरचा ‘शोल्डर ब्रिज’ मागून घ्यावा. कुशीवरचा पाय उचलताना खुबा मागे कलंडला की काम मांडीच्या पुढच्या बाजूकडे जाते. पाठ भिंतीला लावून, टाच भिंतीवरून घासत वर नेली की योग्य स्नायू पंधराव्या खेपेला कळू लागतो.

बाणेर, औंध, कोरेगाव पार्क भागांत आता यंत्रावरचे वर्ग झाले आहेत. रिफॉर्मर म्हणजे चौकटीतल्या रुळांवर पुढेमागे सरकणारी गादी. एका टोकाला पायासाठी दांडी, दुसऱ्या टोकाला हातापायांत अडकवायचे पट्टे, आणि गादीखाली साधारण चार-पाच स्प्रिंगा. स्प्रिंगांचे रंग ताकद दाखवतात, पण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, त्यामुळे ‘मी तिकडे दोन लाल लावायचो’ या माहितीचा दुसऱ्या स्टुडिओत उपयोग नाही. शिवाय जास्त स्प्रिंगा म्हणजे जास्त कठीण असे सगळीकडे नसते. झोपून पायांनी दांडी ढकलताना जास्त स्प्रिंगा जड पडतात हे खरे. पण हात दांडीवर आणि पाय गादीवर ठेवून फळीसारखे राहायचे असेल तेव्हा कमी स्प्रिंगा लावल्या की गादी पळू बघते आणि पोटाला दुप्पट काम पडते. व्यायामशाळेत वजने उचलणारे इथेच चुकतात. गादी परत येताना शेवटी ‘खट्’ असा आवाज आला तर समजावे की ताबा सुटला. धावपटूला खरा लाभ त्या परतीच्या प्रवासातच आहे, कारण उतारावर पाय नेमके तेच करतात: लांबत असताना भार पेलतात. तीन मोजत ढकला, पाच मोजत परत या. आणि गादीला एकही स्प्रिंग लागलेली नसताना तिच्यावर चढू किंवा उतरू नये, ती पायाखालून निसटते. रबरी ठिपक्यांचे मोजे घालावेत.

खेळानुसार थोडे. सायकलवाल्याने लोडावर पाठ आडवी टाकून छाती उघडणे आणि वीट माकडहाडाखाली घेतलेला सेतुबंध धरावा. पोहणाऱ्याच्या खांद्यात बहुधा हालचाल भरपूर असते, त्याला पिलाटेसमधले खांद्याच्या पात्यांचे काम हवे. टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळणारे आठवडाभर बसून शनिवारी रात्री एकदम धावतात. त्यांना योगापेक्षाही आधी दहा मिनिटांच्या वॉर्मअपची गरज आहे. अतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्यांचे गुडघे उतरताना दुखतात, त्यांना वर सांगितलेले सावकाश परतीचे काम लागू पडते.

आठवड्यात हे कुठे बसवायचे? रविवारी लांब पळणे असेल तर सोमवारी संध्याकाळी संथ, आधाराची आसने आणि शेवटी दहा मिनिटे विपरीत करणी (पाय भिंतीवर टेकवून पडणे) व शवासन. मंगळवारी वेगाचा सराव असेल तर बुधवारी पिलाटेस. शुक्रवारी-शनिवारी पायांचा नवा किंवा जड क्लास नको, कारण त्याचा ठणका नेमका रविवारी वर येतो. पहिले दोन आठवडे नेहमीचे पळणे चतुर्थांशाने कमी करावे. खेळाच्या लगेच आधी एकेक स्नायू मिनिटाहून जास्त वेळ ताणून धरू नये, त्याने तेवढ्यापुरता जोर आणि उडी घटते. त्या वेळी झपझप चालणे, पाय झुलवणे, दोन-तीन सूर्यनमस्कार पुरेत. योग किंवा पिलाटेसने दमसासाचे काम भागत नाही, आणि हाडांना-स्नायूंना लागणारे वजनाचे व्यायामही पूर्ण होत नाहीत. आठवड्यातून दोनदा ताकदीचा सराव आणि पळणे-पोहणे ठेवूनच हे दोन तास वाढवायचे आहेत. पोट भरलेले नसावे: जेवणानंतर तीन-चार तास, केळ्यासारख्या हलक्या खाण्यानंतर दीड तास.

मॅट विकत घ्यायची असेल तर योगासाठी ४ ते ६ मिलिमीटर जाडीची, न घसरणारी घ्यावी. जाड मॅटवर तोल राहत नाही. पिलाटेसला मणक्यावर गडगडायचे असते म्हणून १० मिलिमीटर किंवा जास्त. पावसाळ्यात गुंडाळून ठेवलेली ओली मॅट कुबट होते, ती पुसून दोरीवर टाकावी.

काहींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. हाडे ठिसूळ झालेल्यांना पाठ गोल करून वाकण्याचे आणि गडगडण्याचे व्यायाम धोक्याचे आहेत, त्याने मणका पिचू शकतो. काचबिंदू किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांनी शीर्षासन, सर्वांगासन टाळावे. कमरेतून निघणारी कळ गुडघ्याखाली जात असेल, गर्भारपण असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते शिक्षकाला आधी सांगावे. शिक्षकाने न विचारता तास सुरू केला तर तिथूनच परत फिरावे.

क्लास चालवणाऱ्यांकडे आमचे कळकळीचे मागणे आहे. एक मोफत तास देण्याऐवजी माफक शुल्कात आठ तासांचे प्रायोगिक सत्र द्या. पहिल्या तासाआधी एक पानी अर्ज भरून घ्या: खेळ कोणता, आठवड्याला किती, जुनी दुखापत कुठे, शर्यत कधी. एका शिक्षकामागे मॅटवर बारा आणि यंत्रांवर सहापेक्षा जास्त माणसे नकोत. त्यापुढे कुणाचा गुडघा कुठे जातो हे दिसणे शक्य नाही. शिक्षकाचे प्रशिक्षण किती तासांचे आणि पिलाटेसच्या बाबतीत फक्त मॅटचे की यंत्रांचेही, हे दारावर लिहा. योगासाठी आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत योग प्रमाणन मंडळ आहे, त्याचे प्रमाणपत्र असेल तर तेही लावा. आणि संपादक महोदय, छोट्या जाहिरातींच्या अर्जात तुकडीतली संख्या व शिक्षकाचे प्रशिक्षण या दोन ओळी आपण सक्तीच्या केल्या तर वाचकांवर उपकार होतील.

आठ तास झाले की तीच भिंत, तोच पलंग, तोच आरसा. अंतर पट्टीने पुन्हा मोजा, टाचा पुन्हा उचला, आकडे लिहिलेल्या कागदाशेजारी नवे लिहा आणि तो कागद शिक्षकाला दाखवा. एकाही आकड्यात फरक नसेल आणि शिक्षकाला त्याचे कारण सांगता येत नसेल, तर उरलेल्या महिन्यांचे शुल्क परत मिळाले पाहिजे. तशी अट पावतीवर छापलेली आहे का, हे पैसे भरण्याआधी बघावे.

आपले,
एक फिजिओथेरपिस्ट व एक योगशिक्षिका,
कोथरूड, पुणे